विमान बांधणारा सोलापूरकर
विमानाच्या गोलाईदार अंगावर अँटेनांची रांग बसवली, तर लहरी कुठं वळतील? ई अँड टीसीला असाल तर हे गणित कॉम्प्युटरवर मांडाल. पण आधी विमान इथं बनायला हवं ना! तो ध्यास घेतला वालचंद हिराचंद यांनी. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज तुम्हाला माहीतच आहे.

घरचा व्यापार सोडून ते रेल्वेचे ठेकेदार झाले, मग जहाजं. म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळुरात ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ काढली. पुढच्याच वर्षी पहिलं विमान उडालंसुद्धा! १९४२ मध्ये, ऐन युद्धात, ब्रिटिश सरकारनं त्यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. उभारणाराच बाहेर. हे आजही टोचतं. १९५३ मध्ये वालचंद गेले. तोच कारखाना पुढं एचएएल झाला. तेजस तिथलंच, त्याच्या निमुळत्या नाकात रडारचा अँटेना असतो.