शाळा मुलांच्या दारी

पाटी, पुस्तक आणि चार भिंती एवढ्यानेच शाळा होत नाही. मुलाचे मन जेथे रमते आणि रमता रमता वाढते, ती खरी शाळा. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु शंभर वर्षांपूर्वी ती फार थोड्यांना पटत असे. छडी हे शिक्षकाचे मुख्य साधन आणि घोकंपट्टी हा विद्येचा राजमार्ग, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. ती दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकविणे हा त्या काळी अनेकांना अपराध वाटे. पण केळकरांच्या घरी सुधारणेचे वारे खेळत होते. त्यामुळे ताराबाईंना उच्च शिक्षण घेता आले व १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे त्यांनी राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मान होता, स्थैर्य होते. परंतु त्यांचे मन तेथे स्थिरावले नाही.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक थोर शिक्षक लहान मुलांसाठी बालमंदिर चालवीत होते. वकिली सोडून ते मुलांत रमले होते. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले होते. मुलांना धाक न घालता, हाताने वस्तू हाताळू देऊन शिकवावे, अशी त्यांची पद्धती होती. गिजुभाईंनी ती आपल्या मातीत रुजविण्याचा उद्योग आरंभिला होता. ताराबाई त्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पालकांना व शिक्षकांना नवे विचार कळावेत म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे मुलांबरोबर शिक्षिकाही घडू लागल्या.

शिशुविहाराचा लौकिक वाढत होता. तरीही एक विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. बालशिक्षणाचा हा लाभ शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांनाच मिळत होता. खेड्यातील, रानातील मुलांचे काय? त्यांना कोण शिकविणार? अखेर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले. त्या कामात अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या.

पहिलीच अडचण मोठी होती. शाळा उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. एखादा शिक्षक म्हणाला असता की, या मुलांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी तसा दोष मुलांना दिला नाही. ती का येत नाहीत, हे त्यांनी शोधले. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड होते, कोणाला घरचे काम होते, तर कोणाला गावातील शाळेत पाऊल टाकण्याचीच भीती वाटत होती. मग मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतील अंगण झाडून घ्यावे, मुलांना हातपाय धुण्यास शिकवावे, गाणी म्हणावी, गोष्टी सांगाव्या आणि तेथेच शिकविण्यास आरंभ करावा, असा क्रम सुरू झाला. ही अंगणातील बालवाडी होय.

दुसरी अडचण पैशाची होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग असत. खेड्यातील शाळेला ती परवडणारी नव्हती. ताराबाईंनी भोवताली पाहिले. समुद्रकाठी शंखशिंपले होते. ओढ्यात गोटे होते. झाडांखाली बिया, पाने व फुले होती. मोजावयास शिंपले घ्यावे, लहानमोठे लावण्यास गोटे घ्यावे, रंग ओळखण्यास फुले घ्यावी. फुकट मिळणाऱ्या या वस्तूंनी गणिताचा आणि निसर्गज्ञानाचा पाठ सजू लागला.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. भोवताली वारली आदिवासींचे पाडे होते. तेथील थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखीत. गुरे सोडून त्यांना वर्गात बसता येत नसे आणि ती न राखली तर घरचे चालत नसे. तेव्हा शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आहेत, झाडाच्या सावलीत मुले जमली आहेत आणि शिकणे चालले आहे, अशी ही कुरणशाळा होती. याशिवाय पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदतील अशी विकासवाडीही तेथे उभी राहिली. मोठ्या बहिणीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे, अशी ती सोय होती.

अशा शिक्षणाला मागचापुढचा विचार लागत नाही, असे मात्र कोणी समजू नये. उलट त्याला अधिक तयारी लागते. कोणत्या ऋतूत काय सापडेल, त्यातून काय शिकविता येईल, हे शिक्षकाने आधी योजावे लागते. नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा या गावाचेच उदाहरण घ्या. तेथे गोमाई नदी तापीला मिळते. एखाद्या शिक्षकाने मुलांना या संगमावर नेले, तर एकाच फेरीत किती विषय हाती येतात! आपल्या देशातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी मात्र पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते. हा झाला भूगोल. गावाजवळच्या टेकाडाचे उत्खनन १९५५ साली झाले. तेथे खालच्या थरांत तांबे व दगड वापरणाऱ्या प्राचीन लोकांचे अवशेष मिळाले आणि वरच्या थरांत लोखंड मिळाले. हा झाला इतिहास. काठीला दोरी बांधून पाण्याची खोली मोजली, तर ते गणित. काठावरचे पक्षी व झाडे पाहिली, तर ते विज्ञान. आणि घरी येऊन पाहिलेले चार ओळींत लिहिले, तर ती भाषा. ताराबाईंची दृष्टी ज्याला लाभली, त्याला पाठ शोधीत दूर जावे लागत नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना ‘पद्मभूषण’ हा किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे अनुताईंनी कोसबाडचे कार्य १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या दिवसापर्यंत, निष्ठेने चालविले. १९७५ साली देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली व गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. सातपुड्याच्या पाड्यांतही आज अंगणवाडी हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. तो कानी पडला की बोर्डीच्या वस्तीतील त्या झाडून स्वच्छ केलेल्या अंगणाची आठवण व्हावी.

मुलाला शाळेजोगे बनविण्याचा आग्रह सारेच धरतात. शाळेला मुलाजोगे बनविण्याचे कष्ट ताराबाईंनी उपसले. म्हणूनच ज्यांच्या दारी विद्या कधी गेली नव्हती, त्यांच्या अंगणात ती जाऊन बसली.