मास्टर दीनानाथ आणि मोडलेली मंडळी

माझे आजोळ सदलग्याचे. बेळगाव जिल्ह्यातले हे गाव दूधगंगेच्या काठी वसले आहे. एका अंगाला निपाणीची तंबाखूची पेठ, दुसऱ्या अंगाला इचलकरंजी आणि तेथून पुढे गेले की सांगली-मिरज. घरात मराठी बोलावे आणि बाजारात कानडी, असा तिकडचा रिवाज. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. पुढे म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ पासून त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले. नाटकाच्या वेडाला मात्र ही सीमा कधी आड आली नाही.

आजोळच्या सोप्यावर विठोबाच्या तसबिरीशेजारी आणखी एक तसबीर असे. वर्तमानपत्रातून कापून घेतलेला तो मास्टर दीनानाथांचा फोटो होता. थोरले मामा दर वर्षी चोवीस एप्रिलला त्याला हार घालीत. देवाशेजारी नटाचा फोटो कशासाठी, हा प्रश्न आम्हा मुलांना पडे; पण मामांना विचारण्याची छाती होत नसे. उत्तर मिळाले ते फार उशिरा, मी नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास येऊन राहिल्यावर. ते सांगण्यापूर्वी दीनानाथांचे चरित्र थोडक्यात सांगणे भाग आहे. लतादीदी आणि आशाताईंचे वडील एवढ्या एका ओळीत आज त्यांची ओळख आटोपली जाते, आणि ती फार अपुरी आहे.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. वडील गणेशभट्ट मंगेशाच्या देवळातील पुजारी. आई येसूबाई राणे देवळाशी बांधलेल्या गायक-कलावंत समाजातल्या. त्या काळच्या समाजव्यवस्थेत वडिलांचे कुलनाम मुलाला सुखासुखी लाभणारे नव्हते. तेव्हा या मुलाने गावालाच आपले नाव केले आणि तो मंगेशकर झाला. गाणे आईच्या घरातच होते. बाबा माशेलकरांकडे लहानपणीच तालीम सुरू झाली, आणि पोराचा गळा काही वेगळाच आहे हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक झाले.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. ही हकीकत बडोदेकरांना निराळी सांगावयास नको. सयाजीराव महाराजांचा आश्रय या मंडळीला लाभला होता. पण बालगंधर्व गेल्यावर मागे राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीला गाणारा मुलगा हवा होता. चौदा वर्षांच्या आसपासचा दीनानाथ तेथे दाखल झाला. एवढ्या लहान वयात एवढी मोठी पोकळी भरून काढण्याचे काम त्याच्याकडे आले, ही गोष्ट पुढच्या साऱ्या आयुष्याचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कंपनीतल्या मुलांचे आयुष्य कसे असे, हे आजच्या पिढीला कल्पनेनेच जाणावे लागेल. पहाटे उठून गळ्याची मेहनत, मग नकलांचे पाठांतर, दुपारी पंगत, रात्री लुगडे नेसून रंगभूमीवर उभे राहायचे आणि खेळ संपला की बिऱ्हाड बांधून पुढच्या गावी निघायचे. आईबाप, शाळा, सोबती, सणवार, जे काही असायचे ते सारे कंपनीतच. मुलाचा आवाज फुटला की त्याचे नशीबही फुटण्याची धास्ती असे. दीनानाथांचा आवाज त्या संकटातून पार पडला. इतकेच नव्हे, तर अधिक धारदार होऊन बाहेर आला.

१९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. या वेळी त्यांना अठरावे वर्ष लागले होते. राम गणेश गडकऱ्यांचे या मंडळीवर लेकरासारखे प्रेम होते. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी गेले. मृत्यूच्या छायेत त्यांनी पुरे केलेले ‘भावबंधन’ बळवंतने रंगभूमीवर आणले. त्यात चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका यांनी महाराष्ट्राला वेड लावले. पुढे वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’त ते तेजस्विनी झाले आणि १९३१ साली सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’मध्ये सुलोचना झाले. ‘मानापमान’मध्ये मात्र त्यांनी पुरुषवेष घेऊन धैर्यधर उभा केला. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ. दीनानाथांचे गाणे विजेसारखे. वरच्या पट्टीत गळा सहज फिरे, तान कोणत्या स्वरावरून उडी घेईल याचा भरवसा नसे आणि ऐकणारा खुर्चीच्या कडेवर येऊन बसे. रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा त्यांनी बांधला होता, आणि बुवांच्या चालींनी बळवंतच्या नाटकांना निराळेच तेज चढवले.

खानदेशातील थाळनेरच्या लाड घराण्याशी त्यांचा संबंध जुळला. पहिली पत्नी नर्मदा लवकर वारली, तेव्हा तिचीच बहीण शेवंती त्यांच्या घरात आली. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरास लता जन्मली; पाठोपाठ मीना, आशा, उषा आणि १९३७ साली हृदयनाथ. मंडळीचा मुक्काम सांगलीस स्थिरावला. भरल्या घराचे आणि भरल्या नाट्यगृहाचे ते दिवस होते.

पण १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला, आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाचा प्रेक्षक चार आण्यांच्या तिकिटात बोलपटाकडे वळला. बळवंतनेही काळाबरोबर जाण्याचा यत्न केला. बळवंत पिक्चर्स या नावाने १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट निघाला. त्याच्या दिग्दर्शनात चिंतामणरावांबरोबर विश्राम बेडेकरांचा हात होता. धंदा काही साधला नाही. कर्ज मात्र वाढले, आणि थोड्याच दिवसांत मंडळी मोडली.

येथून पुढची हकीकत सांगताना लेखणी जड होते. पण ती झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. दीनानाथांना दारूचे व्यसन जडले होते. कर्ज आणि दारू ही दोन्ही एकमेकींचा हात धरून वाढत गेली. सांगलीचे घर सुटले आणि कुटुंब पुण्यास आले. गाणे होते, विद्या होती, ज्योतिषाचा नादही होता; प्रकृती मात्र खचत गेली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्केचाळीस. थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती आणि धाकटा हृदयनाथ पाचाचाही नव्हता. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात लहानशी भूमिका करून लताने संसाराचा भार उचलला. ज्या वयात बाप आईचे घर सोडून कंपनीत गेला, जवळजवळ त्याच वयात लेक कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. व्यसनाची किंमत कोण मोजतो, हे समजावयास याहून निराळे उदाहरण नको.

आपल्याकडे अशा माणसाविषयी दोन प्रकारे बोलतात. एक तर कलावंताला व्यसन असायचेच म्हणून कौतुकाने सोडून देतात. नाहीतर मन दुबळे होते म्हणून नाक मुरडतात. मला हे दोन्ही पटत नाही. ज्याला चौदाव्या वर्षापासून घर म्हणून जी काही होती ती मंडळीच होती, त्याची मंडळी मोडल्यावर त्याने जावे कोठे? घरी पत्नी होती, मुले होती, हे खरे. पण रात्री नऊ वाजता तोंडाला रंग लागण्याची ज्या देहाला वीस वर्षांची सवय, तो देह त्या वेळी काय करीत असेल, याचा विचार कोणी केला? सारेच नट काही व्यसनात बुडाले नाहीत, हेही मी जाणतो. तरीही जो बुडाला त्याला वर काढणारा दोर त्या काळी कोणाजवळ होता, हा प्रश्न उरतोच.

या ठिकाणी ‘एकच प्याला’ आठवल्याखेरीज राहत नाही. गडकऱ्यांचा जन्म बडोदे संस्थानातील नवसारीचा, आणि या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये आपल्या बडोद्यातच केला. या गावच्या जुन्या घरांतून त्या प्रयोगाच्या आठवणी पिढीजात सांगितल्या गेल्या आहेत. नाटकातला सुधाकर दारू सोडतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. तो सोडतो, पांढरपेशा जगात पुन्हा काम मागावयास जातो, तेथे त्याचा अपमान होतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दारू सुटते, पण सुटल्यावर जाऊन बसायला जागा मिळत नाही. गडकऱ्यांना दीनानाथांचे पुढचे आयुष्य दिसणे शक्य नव्हते. ज्या मुलांवर त्यांनी जीव लावला त्यांतल्याच एकाच्या वाट्याला ही कथा यावी, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा.

आता मामांकडे येतो. मामा दहाव्या वर्षी सदलग्याहून पळून एका नाटक कंपनीत गेले होते. गळा गोड होता, रूप नाजूक होते. आठ वर्षे त्यांनी लुगडे नेसून काढली. सांगलीस मुक्काम असताना त्यांनी बळवंतचा खेळ पाहिला आणि दीनानाथांना गुरू मानले. गुरूंच्या समोर उभे राहण्याचा योग मात्र आला नाही. बोलपट आले, मामांची कंपनी बुडाली आणि अठरा वर्षांचा हा पोरगा हातात पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतला. पुढे निपाणीस तंबाखूच्या वखारीत दिवाणजी झाला. संध्याकाळी वखार बंद झाली की काय करावे हे त्याला कळेना. दारू लागली ती तेव्हा. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तशी गुत्त्याची दारू जाऊन हातभट्टीची आली, एवढाच फरक. मामीच्या पाटल्या गेल्या, मळा गहाण पडला. अंगणात पडलेल्या मामांना उचलून आत आणताना मी आजीला पाहिले आहे. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन.

मामांची दारू सुटली ती कोणाच्या उपदेशाने नव्हे. गावातले वीणेकरी बुवा एका कार्तिकीला त्यांना पंढरपूरला घेऊन गेले आणि त्यांच्या गळ्यात माळ घातली. वारकऱ्याच्या माळेला दारू वर्ज्य, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नुसत्या माळेने भागले नाही. तीन महिन्यांत मामा एकदा घसरले. शरमेने त्यांनी माळ काढून ठेवली आणि दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुवा चार टाळकरी घेऊन सोप्यावर येऊन बसले आणि तेथेच त्यांनी हरिपाठ सुरू केला. मामांचे कान ते. टाळ चुकला तसे त्यांना राहवले नाही. ते बाहेर आले. त्यानंतर वर्षभर, दिवे लागण्याच्या सुमारास, म्हणजे कंपनीत रंग लावावयास बसण्याच्याच वेळी, कोणी ना कोणी मामांना बोलवावयास येत असे. मामा १९८४ साली गेले. मधल्या तीस वर्षांत त्यांनी पुन्हा थेंब घेतला नाही. गाणे परत आले, मळा सुटला, मामीच्या हातात पुन्हा पाटल्या आल्या.

जाण्यापूर्वी एकदा ते बडोद्यास माझ्याकडे राहिले होते. त्या मुक्कामात त्यांनी तसबिरीचा उलगडा केला. विद्येने दीनानाथ आभाळाएवढे आणि आपण धुळीएवढे, हे ते जाणून होते. पण तरण्याची वेळ आली तेव्हा त्यांना कोणी वीणेकरी भेटला नाही आणि आपल्याला भेटला, एवढाच फरक त्यांना दिसे. तो हार गुरूला होता, आणि बुडाल्या सोबत्यालाही होता.

मामांच्या या बोलण्याला जगाचा दाखला आहे, हे मला मागाहून कळले. बळवंतचे दिवस भरत आले होते त्याच सुमारास, १९३५ साली, अमेरिकेत ओहायो प्रांतातल्या अॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य असे दोन मद्यपी एकत्र आले. एकट्याने दारू सुटत नाही, पण दुसऱ्या दारुड्याला सावरण्यासाठी त्याच्याजवळ बसले की आपलीही सुटते, असा त्यांना अनुभव आला. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ जगभर पसरली. ज्या पुण्यात दीनानाथ गेले, त्याच पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले, त्याला पु. ल. देशपांडे यांच्या घरून भक्कम साहाय्य झाले. म्हणजे वाट निघाली, पण चव्वेचाळीस वर्षे उशिरा. सदलग्याच्या वीणेकरी बुवांनी यांतले काही वाचलेले नव्हते. त्यांना टाळ चुकवायचा कसा, एवढे मात्र कळत होते.

बडोद्यास दारूबंदी आहे, आणि दारूबंदीने काय साधते व काय साधत नाही हे येथील वाचकांस मी सांगावयास नको. प्रत्येक जुन्या घरात एखादे तरी नाव असे असते की जे निघाले म्हणजे बोलणे थांबते. त्या नावाच्या माणसाकडे दिवेलागणीला कोणी गेले होते का, एवढे आपण स्वतःला विचारावे. सदलग्याचे घर आता भाच्यांकडे आहे. दोन्ही तसबिरी सोप्यावर तशाच आहेत, आणि चोवीस एप्रिलचा हारही चुकलेला नाही.