दर आठवड्याला घरी येणारा कादंबरीकार

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याने कथेखेरीज वाचकांसमोर आणखी काय ठेवावे, हा प्रश्न आजच्या लेखकांना पडतो तसा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लेखकांनाही पडला होता. पुस्तक दोन-तीन वर्षांतून एकदा निघते. मधल्या काळात वाचकाशी असलेले नाते टिकवायचे कसे? मराठीत या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर दिले ते हरी नारायण आपटे यांनी. हरिभाऊंची ओळख 'पण लक्षात कोण घेतो?'चे कर्ते म्हणून आजही सांगितली जाते. परंतु सत्तावीस वर्षे दर आठवड्याला मराठी कुटुंबाच्या हाती वाचनाचा शिधा देणारे 'करमणूक'कार हरिभाऊ मात्र काहीसे विस्मरणात गेले आहेत. वस्तुतः त्यांच्यातील कादंबरीकार घडला तो या साप्ताहिकाच्या पानांवरच. आणि त्याची काही प्रमाणात झीज झाली तीही तेथेच.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला आणि १८७८ च्या सुमारास ते पुण्यात आले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे नामांकित वकील होते. संस्कृत ग्रंथांचे जतन आणि प्रकाशन करण्यासाठी त्यांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. पुढे या संस्थेची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती लागली नाही. मात्र वाचनाची भूक अफाट होती. कालिदास-भवभूतीपासून स्कॉट-डिकन्सपर्यंतचे वाङ्मय त्यांनी तरुणपणीच पचवले.

ते ज्या पुण्यात वाढले, ते पुणे वादांचे होते. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री अकाली गेले, तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' हे दीर्घ शोककाव्य रचले. त्यानंतर थोड्याच काळात आगरकरांनी केलेल्या 'हॅम्लेट'च्या मराठी अवतारावर, म्हणजे 'विकारविलसित'वर, त्यांनी विस्तृत टीका लिहिली. गुरुस्थानी असलेल्या माणसाच्या पुस्तकाची परखड चिकित्सा करण्याचे धैर्य आणि अभ्यास या तरुणात आहे, हे त्या लेखाने दाखवून दिले. निबंधकार किंवा टीकाकार म्हणून नाव मिळवण्याची सारी तयारी त्यांच्यापाशी होती. तरीही त्यांनी वाट निवडली ती कथनाची.

१८८५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीची प्रेरणा असली, तरी तिच्यातील माणसे पुण्याची होती. हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्येच निघाले होते. पण ती वाट पुढे फारशी रुळली नव्हती. १८६१ च्या 'मुक्तामाले'नंतर मराठी वाचकाला सवय लागली होती ती अद्भुत योगायोगांची, राजकन्यांची आणि संकटातून सुखरूप सुटणाऱ्या नायक-नायिकांची. आपल्याच माजघरात, आपल्याच भाषेत बोलणारी माणसे कादंबरीत येऊ शकतात, याची त्याला कल्पना नव्हती. हा वाचक घडवायचा तर एखादे पुस्तक लिहून भागणार नव्हते. त्याच्या घरी वारंवार जाणे आवश्यक होते.

त्या गरजेतून १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक निघाले. तेव्हाचे पुणे पाहिले तर हे नावच धाडसाचे वाटते. एकीकडे 'केसरी', दुसरीकडे १८८८ मध्ये सुरू झालेला आगरकरांचा 'सुधारक'. संमतिवयाच्या प्रश्नावर शहर पेटण्याच्या बेतात होते. अशा वेळी एका तरुणाने मनोरंजनाला वाहिलेले पत्र काढावे, हे अनेकांना पोरकट वाटण्याजोगे होते. परंतु हरिभाऊंची भूमिका स्पष्ट होती. जे विचार इतर पत्रे आवेशाने आणि वादाने मांडत, तेच आपण गोडीगुलाबीने, घरातल्या माणसांशी गप्पा माराव्यात तसे सांगावेत, असे त्यांनी ठरवले होते. वाद करणारा माणूस ओसरीवरून परत जातो. गोष्ट सांगणाऱ्याला माजघरापर्यंत वाट मिळते, हे त्यांनी ओळखले होते.

या पत्रात हरिभाऊंनी काय दिले, हे पाहण्यासारखे आहे. क्रमशः कादंबरी हा अर्थातच मुख्य भाग होता. तिच्या जोडीला स्वतंत्र छोट्या गोष्टी असत, थोरामोठ्यांची चरित्रे असत, शास्त्रीय विषयांची सोपी ओळख असे, कविता असत, नाना प्रकारची उपयुक्त आणि चमत्कारिक माहिती असे. या विविधतेमागे एक सूत्र होते. अंक घरातील एकाच माणसासाठी नव्हता. शाळकरी मुलगा, कचेरीतून आलेला कारकून, नुकतीच अक्षरओळख झालेली सून आणि वाचता न येणारी पण कानांनी सर्व टिपणारी आजी, या साऱ्यांना त्यात काही ना काही मिळावे, अशी ती मांडणी होती. वाचता येणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी अत्यल्प होती. एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, ही घरोघरची रीत होती. म्हणून हरिभाऊंची भाषाही ऐकण्याची भाषा झाली. लांबलचक संस्कृतप्रचुर वाक्यांऐवजी बोलण्यातले हेलकावे, घरगुती म्हणी आणि बायकांच्या तोंडचे शब्दप्रयोग त्यांच्या गद्यात सहज उतरले.

याचे सर्वांत मोठे फळ म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?'. आधी 'मनोरंजन' मासिकात सुरू झालेली ही कादंबरी पुढे 'करमणुकी'तून येत राहिली आणि १८९३ मध्ये पूर्ण झाली. यमू नावाची ब्राह्मण घरातील मुलगी आपली हकिकत आपल्याच शब्दांत सांगते. माहेर, लहानपणीचे लग्न, सासरचा जाच, समजूतदार पतीच्या सहवासात आलेले थोडे सुखाचे दिवस, अकाली वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन, असा तो प्रवास आहे. केशवपनाच्या दुष्ट रूढीवर आगरकरांनी 'सुधारक'मधून घणाघात केले होते. त्यांचे तर्क बिनतोड होते, पण ज्यांनी ते वाचायचे त्यांनी आधीच कान बंद केले होते. हरिभाऊंनी तर्क बाजूला ठेवला आणि यमूला बोलू दिले. आठवड्यामागून आठवडे ती घरात येत राहिली. तिच्या पतीच्या आजारपणाची चिंता वाचकाला लागली, शंकरमामंजींचा त्याला संताप आला. मग जेव्हा तिच्यावर तो प्रसंग ओढवला, तेव्हा तो एखाद्या तत्त्वाचा पराभव राहिला नाही. तो घरच्या मुलीवर झालेला अत्याचार ठरला. साप्ताहिकाच्या संथ गतीने साधलेला हा परिणाम एकगठ्ठा पुस्तकाला साधला असता की नाही, याची शंकाच आहे.

यमूच्या पाठोपाठ १८९३ ते १८९५ या काळात 'मी' आली. तिच्यातील भावानंद हा समाजकार्यासाठी संसार सोडून व्रतस्थ आयुष्य पत्करणारा तरुण आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली ती १९०५ मध्ये. म्हणजे अशा आजन्म सेवकाची कल्पना हरिभाऊंनी त्यापूर्वी दहा वर्षे वाचकांसमोर ठेवली होती. त्याच सुमारास त्यांनी इतिहासाकडेही मोर्चा वळवला. आरंभीची 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीवर बेतलेली होती. 'उषःकाल' मात्र सर्वस्वी स्वतंत्र. ती १८९५ मध्ये सुरू झाली. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ त्याच वर्षी जोर धरत होती. लोकांच्या मनात जो विषय घोळत होता, त्याला हरिभाऊंनी कथेचे रूप दिले. तानाजीची कथा सांगणारी 'गड आला पण सिंह गेला' ही तर पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या हाती राहिली.

छोट्या गोष्टींचेही तसेच. एका अंकात संपणाऱ्या या कथांना त्यांनी 'स्फुट गोष्टी' असे साधे नाव दिले आणि नकळत मराठी लघुकथेचा पाया घातला. दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या माणसांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही कथा आजही अंगावर काटा आणते. दुष्काळाची आकडेवारी वृत्तपत्रांतून येतच होती. त्या आकड्यांमागचे उपाशी घर दाखवणे हे काम कथेचे होते. हरिभाऊंचे लक्ष केवळ आपल्या लेखनावरही नव्हते. केशवसुतांच्या नव्या वळणाच्या कवितांना त्यांनी 'करमणुकी'त जागा दिली. हा कवी १९०५ मध्ये गेला. त्याची कविता पुस्तकरूपाने १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली ती हरिभाऊंच्याच हातून.

लेखनासाठी लागणारे हे सारे द्रव्य त्यांच्याकडे आले कोठून? ते लेखनाच्या खोलीत कोंडून घेणारे साहित्यिक नव्हते. पुणे नगरपालिकेत त्यांनी काम केले, तिचे अध्यक्षपदही भूषवले. प्लेगच्या भयंकर दिवसांत शहराची दैना त्यांनी जवळून पाहिली. गोखल्यांशी त्यांचा स्नेह होता. गोविंदराव आणि काशीबाई कानिटकर या दांपत्याशी वाङ्मयापासून संसारापर्यंत सर्व विषयांवर त्यांचा पत्रव्यवहार चाले. काशीबाई स्वतः लेखिका होत्या. स्त्रीच्या मनाचा ठाव घेणाऱ्या या कादंबरीकाराला एका बुद्धिमान स्त्रीची मैत्री आणि तिचे मोकळे अभिप्राय लाभले, ही लहान गोष्ट नव्हे. शहराच्या गटारांपासून सुनेच्या शिक्षणापर्यंत जे जे प्रश्न त्यांच्या आयुष्यात आले, त्यांचे पडसाद त्यांच्या लेखनात उमटत गेले. वाचकाला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा वाचक ज्या जगात राहतो त्याच जगात मिसळून राहणे, हा त्यांचा मार्ग होता.

परंतु या व्रताची किंमत त्यांना मोजावी लागली. दर आठवड्याला छापखाना मजकूर मागे आणि तो द्यावाच लागे. एकाच वेळी एक सामाजिक आणि एक ऐतिहासिक कादंबरी चालवायची, शिवाय गोष्ट, चरित्र, माहिती यांचीही जुळवाजुळव करायची, हा भार एका माणसाच्या खांद्यांना पेलण्याजोगा नव्हता. त्याच्या खुणा त्यांच्या कादंबऱ्यांवर दिसतात. कथानके पसरट होतात, निवेदक वाटेत थांबून उपदेश करू लागतो, मागचे धागे कधी सुटतात. याहून क्लेशदायक गोष्ट म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या. 'गणपतराव', 'यशवंतराव खरे', 'सूर्यग्रहण', 'कालकूट', 'कर्मयोग' यांतील एकीलाही अखेर लाभली नाही. साप्ताहिकाने त्यांना वाचक दिला, पण फेरलेखनाची फुरसत हिरावून घेतली. टीकाकारांनी हा दोष वारंवार दाखवला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

मात्र तेवढ्यावर हिशेब संपत नाही. निवांतपणा मिळाला असता तर हरिभाऊंनी अधिक रेखीव कादंबऱ्या लिहिल्या असत्या, हे कदाचित खरे असेल. पण त्या वाचायला वाचक कोठे होता? 'करमणुकी'ने जो वाचक घडवला, त्याच्यासाठीच पुढच्या पिढीने लिहिले. वा. म. जोशी, वि. स. खांडेकर, ना. सी. फडके या साऱ्यांना वाचणारा समाज आयता मिळाला, त्यामागे हरिभाऊंची ही अखंड पायपीट होती. शिवाय घाईतही त्यांची प्रतिभा थकली नव्हती. विजयनगरच्या विनाशावरची 'वज्राघात' ही १९१३ ते १९१५ मधली त्यांची उत्तरकालीन कादंबरी. पण अनेक जाणकार तिलाच त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत अग्रस्थान देतात.

मानसन्मानही लाभले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत मराठी भाषेचा उगम आणि विकास या विषयावर त्यांची व्याख्याने झाली; ज्या विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती, त्याच विद्यापीठाने त्यांना व्याख्याता म्हणून पाचारण केले. रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'चे मराठी रूपही त्यांनी सिद्ध केले. १९१७ मध्ये 'करमणूक' थांबले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ३ मार्च १९१९ रोजी, पुण्यात हरिभाऊंची प्राणज्योत मालवली. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते.

आज लेखकाला वाचकापर्यंत पोहोचण्याची साधने हरिभाऊंच्या स्वप्नातही आली नसतील इतकी वाढली आहेत. त्यांचा वापर बहुधा होतो तो आगामी पुस्तकाची वार्ता देण्यासाठी, समारंभांची छायाचित्रे दाखवण्यासाठी किंवा आपण कसे लिहितो हे सांगण्यासाठी. हरिभाऊंचे 'करमणूक' याहून फार निराळे होते. त्याच्या पानांवर लेखकाच्या कौतुकाला जागा नव्हती; तेथे वाचकाच्या घरातली सून होती, त्याच्या गावचा दुष्काळ होता, त्याच्या मुलाला पडणाऱ्या शास्त्रीय प्रश्नांची उत्तरे होती. हरिभाऊंनी वाचकाच्या जगण्यात मनापासून रस घेतला. वाचकाने त्यांच्या कादंबऱ्यांत रस घेतला तो त्याची परतफेड म्हणून. यमूची हकिकत सव्वाशे वर्षांनंतरही वाचली जाते, ती या जुन्या देवाणघेवाणीच्या बळावर.