वाल्डेमार हाफकिन

विद्यार्थिमित्रहो, आपल्या चकलांब्यात लस टोचणारे आले म्हणजे एरव्ही धीट म्हणविणारी मुलेही हळूच मागे सरकतात. अशा वेळी ज्या पुरुषाचे स्मरण व्हावे, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगणार आहोत.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरी एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेच्निकॉफ हे त्यांचे गुरू होते. शरीरात काटा शिरला असता ती जागा लाल होऊन सुजते, तिला दाह म्हणतात. हा दाह निव्वळ पीडा नसून शरीराने शत्रूशी मांडलेले युद्ध होय, व रक्तातील पांढऱ्या पेशी त्यातील शिपाई होत, असे मेच्निकॉफ यांनी दाखवून दिले. यहुदी असल्यामुळे हाफकिन यांची मायदेशी उन्नतीची वाट बंद होती. म्हणून १८८९ साली ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे त्यांस प्रथम साहाय्यक ग्रंथपालाचीच जागा मिळाली. परंतु ग्रंथ सांभाळून उरलेला वेळ त्यांनी प्रयोगशाळेत घालविला. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली व ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि बंगालमध्ये हजारो लोकांस त्यांनी ती लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. हाफकिन यांस तातडीने मुंबईस बोलाविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक पडवी, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. मांसरसाच्या बाटलीत तुपाचे थेंब तरंगत सोडावयाचे, त्यांस लोंबून प्लेगचे जंतू वाढले की ते हलवून खाली पाडावयाचे व अखेर उष्णतेने मारावयाचे, अशी त्यांची रीत होती. मृत जंतू रोग देत नाहीत. परंतु त्यांची ओळख पटून शरीर प्रतिपिंडे नावाची प्रथिने रक्तात निर्माण करते, आणि पुढे खरा शत्रू आला असता ती त्यास नेमके हेरतात. नेमके हेरण्याच्या या गुणामुळे आजच्या प्रयोगशाळांत दाहाचा निरोप पेशीपेशींस पोचविणारी सूक्ष्म प्रथिनेदेखील प्रतिपिंडांच्याच साहाय्याने शोधून काढतात.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यांस ताप आला, वेदना झाल्या. पण त्या सोसून ते कामास लागले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा लस घेतलेल्या कैद्यांत रोगाचे प्रमाण इतरांहून बरेच कमी दिसले. लोकांचा धीर वाढला. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

परंतु सत्पुरुषाची कसोटी पुढेच होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ माणसांस धनुर्वात होऊन ती दगावली. चौकशीत प्रयोगशाळेस दोष देण्यात आला व हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुरावा तपासता असे आढळले की, बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. मुंबईचे पद मात्र त्यांस परत मिळाले नाही. त्यांनी कलकत्त्यास राहून संशोधन चालू ठेविले.

१९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

बालमित्रहो, एका न उकळलेल्या चिमट्याने १९ जीव गेले व एका निरपराध माणसाची उमेदीची वर्षे व्यर्थ गेली. लहान कामातील हयगय केवढी महाग पडते, हे यावरून दिसते. तसेच, पुरते ऐकून घेण्याआधी कोणास दोषी ठरवू नये, हाही बोध आपण घ्यावा. आणि लस टोचावयाची वेळ आली म्हणजे, जो धोका हाफकिन यांनी आधी स्वतः पत्करला, त्याची आठवण ठेवून आपण हात पुढे करावा.