बोगनवेलीच्या नावामागे राहिलेली झान बारे

मॉरिशसच्या कुंपणाकुंपणावर फुलणाऱ्या बोगनवेलीच्या नावात एका फ्रेंच दर्यावर्दीची स्मृती आहे. परंतु ही वेल शास्त्रापर्यंत पोहोचविणाऱ्यांत जिचा मोठा वाटा मानला जातो, त्या स्त्रीच्या वाट्याला मात्र वनस्पतीची प्रजाती आली नाही.

झान बारे यांचा जन्म २७ जुलै १७४० रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील ला कोमेल या खेड्यात, एका मोलमजुराच्या घरी झाला. पुढे त्या वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों यांचे घर सांभाळू लागल्या. बुगँव्हिल यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेवर कोमेर्सों यांची नेमणूक झाली, तेव्हा राजाच्या गलबतांवर स्त्रियांना मज्जाव होता. म्हणून १७६७ च्या आरंभी बारे पुरुषवेषात, कोमेर्सों यांचा नोकर म्हणून 'एत्वाल' गलबतावर चढल्या.

कोमेर्सों पायाच्या दुखण्याने जर्जर होते. त्यामुळे डोंगर चढणे, झाडे खुडणे, ओझी वाहणे हे बारे यांचेच काम झाले. त्याच वर्षी रिओ द जानेरो येथे जांभळ्या छदांची ती वेल मिळाली. ती बारे यांनीच खुडली असावी, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. कोमेर्सों यांनी तिला मोहिमेच्या प्रमुखाचे नाव दिले. द झ्युस्यू यांनी १७८९ मध्ये ते ग्रंथात प्रसिद्ध केले.

ताहितीत १७६८ मध्ये बारे यांचे स्त्रीत्व उघड झाले. वर्षअखेरीस गलबते इल द फ्रान्स, म्हणजे आजच्या मॉरिशसला लागली आणि दोघेही येथेच उतरले. पुढे मादागास्करच्या एका झाडावर निरनिराळ्या आकारांची पाने पाहून कोमेर्सों यांनी त्या प्रजातीला 'बारेशिया' हे नाव योजले. परंतु नामकरणात आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरले जाते. ती झाडे कडुनिंबाच्या कुलातील, लिनीअस यांनी १७७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'तुरिया' प्रजातीची ठरली आणि बारेशिया हे नाव मागे पडले.

कोमेर्सों १३ मार्च १७७३ रोजी मॉरिशसमध्येच निवर्तले. निराधार झालेल्या बारे यांनी पोर्ट लुई येथे मद्यालय चालविले, १७७४ मध्ये झां दुबेर्ना या फ्रेंच सैनिकाशी विवाह केला आणि नंतर त्या मायदेशी परतल्या. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री हा मान त्यांना दिला जातो. १७८५ मध्ये फ्रेंच नौदल खात्याने त्यांना वार्षिक २०० लिव्हरचे निवृत्तिवेतन दिले. ५ ऑगस्ट १८०७ रोजी त्यांचे निधन झाले.

वांगे व बटाटा ज्या सोलॅनम प्रजातीत मोडतात, तिच्यातील इक्वेडोर व पेरू येथील एका जातीला २०१२ मध्ये 'सोलॅनम बारेटी' हे नाव मिळाले. तिचीही पाने नाना आकारांची आहेत. जे नाव प्रजातीला लाभले नाही, ते दोन शतकांनंतर निदान एका जातीला लाभले.