कमल रणदिवे : उंदरांकडून माणसांकडे

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७चा, पुण्यातला. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. कमलताईंचा ओढा जीवशास्त्राकडे. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. रक्ताच्या कर्करोगाचा प्राण्यांवर अभ्यासही तिथेच सुरू केला.

अशा अभ्यासाचे मोल मोठे. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना किरणोत्सार देऊन दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली गेली. काहींचा कर्करोग हटला. पण परक्या मज्जेने शरीरावरच हल्ला केल्याने ते खंगून मेले. प्रौढ रुग्णांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणात हा धोका आजही आहे. किरणांनी निरोगी मज्जाही मरते; नवी रुजेपर्यंत जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाची भीती, पुढे वंध्यत्व, मोतीबिंदूची. म्हणून वय, फुप्फुसे, यकृत तपासूनच किरणांची मात्रा ठरवतात.

कमलताई २००१ मध्ये गेल्या. त्यांची संस्था आता रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. त्याच आवारात आज रुग्णांवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते.