केरूनाना छत्रे

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ चा. पोरवयातच ते मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत लागले. वायुभार व चुंबकसूची यांची नोंद ठरल्या वेळी, रात्रीसुद्धा, घ्यायची. बुडालेली नोंद मागाहून भरता येत नसे. आपल्या प्रयोगवहीतील आयत्या आकड्यांना तेथे थारा नव्हता! जुन्या पंचांगातील ग्रहस्थिती आकाशाशी जुळेना, तेव्हा नानांनी आकाशालाच प्रमाण मानले. १८६० मध्ये त्यांची मराठी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ निघाली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग. सण-व्रतांचे दिवस बदलू लागल्याने लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. नानांनी मात्र गणित बदलले नाही. ते १८८४ मध्ये वारले. डेक्कन कॉलेजातील त्यांचे विद्यार्थी टिळक. पंचांगशोधनाचा वाद पुढे त्यांनी हाती घेतला.